रिकामा मध्य : शार्त्रचा लॅबिरिंथ आणि ख्रिस्ती प्रार्थनेची वाट

१

फ्रान्समधील शार्त्र नगराच्या कॅथीड्रलमध्ये पश्चिमेच्या द्वाराने आत शिरल्यावर मुख्य दालनाच्या फरशीत बसवलेली एक विस्तीर्ण वर्तुळाकृती दृष्टीस पडते. एरवी ती उपासकांच्या खुर्च्यांखाली झाकलेली असते; परंतु ईस्टरपूर्व उपवासकाळापासून शरद ऋतूपर्यंत दर शुक्रवारी खुर्च्या बाजूला सारल्या जातात आणि देशोदेशीचे यात्रेकरू त्या आकृतीच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. काही जण पादत्राणे काढतात, काही क्षणभर डोळे मिटतात, आणि मग एकेक जण संथपणे चालू लागतो. फिकट दगडाची वाट आणि तिच्या कडेने गेलेल्या काळसर दगडाच्या रेघा एवढेच या आकृतीचे साहित्य आहे. तिचा व्यास सुमारे १३ मीटर आहे. परंतु आतील वाट ११ वलयांतून अशी काही फिरवली आहे की तिची लांबी सुमारे २६० मीटर भरते.

या वाटेवर कोठेही फाटा नाही. चालणाऱ्याला निवड करावी लागत नाही आणि चुकण्याचीही सोय नाही. आरंभीच ती त्याला मध्याच्या अगदी निकट नेते आणि पोहोचलो असे वाटत असतानाच दूर लोटते. पुढे बराच काळ वळसे घेतल्यावर ती त्याला सर्वांत बाहेरच्या वलयात आणून सोडते, आणि मध्य कायमचा दुरावला असे वाटण्याच्या सुमारास थोड्याच वळणांत तो पायांशी येतो. मध्यभागी सहा पाकळ्यांचे फूल आहे. तेथे थांबून, प्रार्थना करून, त्याच वाटेने परतायचे असते.

अमेरिकेत आणि युरोपात आज शेकडो चर्चमध्ये, रुग्णालयांच्या आवारांत व आश्रमगृहांत या आकृतीच्या प्रतिकृती झाल्या आहेत. तिच्यावरून चालणे ही ख्रिस्ती चिंतनाची एक मान्य रीत ठरली आहे. या रीतीचा परिचय करून देताना एक कथाही बहुधा सांगितली जाते. मध्ययुगातील ज्या भाविकांना जेरुसलेमची यात्रा युद्धांमुळे वा दारिद्र्यामुळे अशक्य होती, ते कॅथीड्रलमधील लॅबिरिंथ चालून, प्रसंगी गुडघ्यांवर सरकत जाऊन, यात्रेचे पुण्य मिळवीत, अशी ती कथा आहे. ती मनोहर आहे, आणि तिने पुष्कळांच्या प्रार्थनेला आधार दिला आहे. परंतु ती इतिहासाच्या कसोटीला उतरते काय, आणि उतरत नसेल तर त्या प्रार्थनेचे काय होते, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

२

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. लॅबिरिंथ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात भूलभुलैया उभा राहतो. भूलभुलैयात फाटे असतात, बंद गल्ल्या असतात, आणि चुकणे हाच त्याचा धर्म असतो. लॅबिरिंथच्या प्राचीन आकृतीत यांपैकी काहीच नाही. तिच्यात एकच वाट असते आणि ती निश्चितपणे मध्याला पोहोचते. फाटे असलेल्या आकृतींची रेखाटने युरोपात पंधराव्या शतकाच्या आरंभापासून आढळू लागतात. त्यापूर्वीचे चित्रित लॅबिरिंथ एकमार्गी आहेत. साहित्याची गोष्ट मात्र वेगळी. ग्रीक-लॅटिन कथांतील लॅबिरिंथ हा वाट चुकवणाराच आहे. म्हणून तर थीसिअसला अरिआड्नीच्या सुताची गरज पडली. कथेतील लॅबिरिंथ आणि रेखाटलेला लॅबिरिंथ यांच्यातील ही विसंगती प्राचीनांना बोचली नाही असे दिसते. आकृती आणि तिचा अर्थ यांची गाठ आरंभापासूनच सैल होती.

ही सैल गाठ भारतीय वाचकाला अधिकच स्पष्टपणे दिसावी. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावरील महाभारताच्या शिल्पपट्टात जो चक्रव्यूह कोरला आहे, तो याच एकमार्गी कुळातला आहे. गोव्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळ येथील जांभ्या खडकावर जी प्राचीन चित्रे आहेत, त्यांतही हे वलय आहे. ते कोणत्या हेतूने कोरले गेले, हे सांगणारा शब्द मात्र त्याच्यापाशी उरलेला नाही. अभिमन्यूच्या कथेने या आकृतीला आत जाता येते पण बाहेर पडता येत नाही असा अर्थ दिला. वस्तुतः आकृतीत बाहेर पडण्याची वाट तीच आहे, जी आत जाण्याची आहे. मृत्यूचा सापळा तिच्यात काढलेला नाही. तो कथेने तिच्यात घातला आहे. एकाच रेषेत एक समाज कोवळ्या वीराचा अंत पाहतो आणि दुसरा वीराचा विजय पाहतो, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

३

ख्रिस्ती धर्माच्या हाती ही आकृती आयती आली. पायलोस येथील सुमारे ख्रिस्तपूर्व १२०० च्या एका मृत्तिकापट्टिकेच्या पाठीवर ती कोरलेली सापडते. क्नोसॉसच्या नाण्यांवर ती आहे. रोमन धनिकांच्या घरांतील रंगीत फरशांवर ती वारंवार येते आणि तिच्या मध्यात बहुधा थीसिअस व मिनोटॉर यांचे द्वंद्व चालू असते. अल्जीरियातील ओर्लेआँव्हील, म्हणजे आजचे श्लेफ, येथे इ. स. ३२४ मध्ये स्थापन झालेल्या एका चर्चच्या फरशीत प्रथमच निःसंदिग्धपणे ख्रिस्ती लॅबिरिंथ भेटतो. तेथे मध्यात राक्षस नाही. त्याच्या जागी अक्षरांचा एक चौकोन आहे आणि मधल्या अक्षरापासून कोणत्याही दिशेने वाचत गेले तरी ‘पवित्र चर्च’ या अर्थाचे लॅटिन शब्द हाती येतात. आकृतीची रुंदी जेमतेम अडीच मीटर आहे. तिच्यातून चालणे शक्य नाही. ती डोळ्यांनी चालायची आहे.

पुढील काही शतके हे चिन्ह प्रामुख्याने हस्तलिखितांच्या पृष्ठांवर नांदले. नवव्या शतकात वाइसेनबुर्गच्या ओट्फ्रीड या संन्यासी कवीच्या शुभवर्तमान-काव्याच्या एका हस्तलिखितात लॅबिरिंथची वलये वाढून ११ झालेली दिसतात. इतरत्र पापनगरी जेरिको ही लॅबिरिंथच्या रूपाने रेखाटली जाते. ११ वलयांना क्रूसाच्या चार भुजांनी छेद देणारी जी रचना मठांतील लेखनशाळांत सिद्ध झाली, तीच पुढे शार्त्रच्या फरशीवर अवतरली.

या काळात आकृतीला जो अर्थ लाभला, तो आजच्या चालणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतो. मध्ययुगीन धर्मपंडितांनी मिनोटॉरच्या ठिकाणी सैतान पाहिला, लॅबिरिंथच्या ठिकाणी पापमय जग किंवा नरक पाहिला, आणि थीसिअसच्या ठिकाणी ख्रिस्त पाहिला. क्रूसावरील मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात ख्रिस्त अधोलोकात उतरला, त्याने तेथील सत्ता मोडली आणि बंदिवान आत्म्यांना मुक्त केले, ही श्रद्धा मध्ययुगाच्या कल्पनाविश्वात फार प्रबळ होती. जो एकटा आत गेला, राक्षसाला मारून परतला, आणि ज्याच्यामुळे इतरांना परतण्याची वाट मिळाली, असा नायक ग्रीक कथेने तयारच ठेवला होता. इटलीत लुक्का येथील कॅथीड्रलच्या ओसरीतील खांबावर बोटाने गिरवण्याएवढा एक लॅबिरिंथ कोरला आहे. शेजारच्या लॅटिन लेखात डीडालसची वास्तू, आत गेलेले न परतणे, आणि अरिआड्नीच्या सुतामुळे थीसिअस वाचणे, एवढेच सांगितले आहे. चर्चच्या दाराशी ही परधर्मीय कथा कोरताना कोणालाही संकोच वाटला नाही, याचे कारण तिचा ख्रिस्ती अर्थ सर्वांना अवगत होता. त्याच्या मध्यात पूर्वी थीसिअस आणि मिनोटॉर यांच्या आकृती होत्या, आणि शतकानुशतके फिरलेल्या बोटांनी त्या झिजून गेल्या, असे सांगतात.

४

बाराव्या व तेराव्या शतकांत उत्तर फ्रान्समध्ये जी थोर कॅथीड्रले उभी राहिली, त्यांपैकी अनेकांच्या फरशीत लॅबिरिंथ होते. शार्त्रचे जुने कॅथीड्रल ११९४ च्या आगीत बहुतांशी नष्ट झाले. नव्या वास्तूचे काम झपाट्याने झाले आणि तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ही फरशी घातली गेली. रँस येथील लॅबिरिंथमध्ये वास्तुकारांच्या प्रतिमा होत्या. आमियाँ येथील १२८८ सालच्या मध्यशिलेवर बिशपबरोबर रोबेर द लुझार्श, तोमा द कोर्माँ आणि त्याचा पुत्र रनो यांची नावे आहेत, आणि त्या आकृतीचा उल्लेख डीडालसचे घर असा आहे. ज्या काळात कलावंताने निनावी राहावे असा संकेत होता असे आपण मानतो, त्या काळात गवंड्यांचे धुरीण मंदिराच्या फरशीत स्वतःला आद्य वास्तुकाराच्या परंपरेत नोंदवीत होते. लॅबिरिंथचा हा एक लेखी पुरावा असलेला उपयोग झाला.

दुसरा उपयोग अधिक विस्मयकारक आहे आणि तो ऑक्सेर येथील कागदपत्रांनी सुरक्षित ठेवला आहे. तेथे ईस्टरच्या दिवशी दुपारनंतर कॅथीड्रलचे धर्माधिकारी लॅबिरिंथपाशी जमत. नव्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने एक चेंडू सादर करावयाचा असे. तो एका हातात मावणार नाही एवढा असावा असा दंडक होता. डीन तो चेंडू हाती घेई, ‘व्हिक्टिमे पास्कालि लाउडेस’ हे पुनरुत्थानाचे स्तोत्र ऑर्गनच्या साथीने सुरू होई, आणि इतर सर्व जण हातात हात गुंफून लॅबिरिंथभोवती, किंवा कदाचित त्याच्या वाटेवरून, नाचू लागत. डीन नाचता नाचता एकेकाकडे चेंडू टाकी आणि तो परत त्याच्याकडे येई. त्यानंतर सर्वांचे एकत्र भोजन होई. या प्रथेसंबंधीचा नियम १३९६ सालचा उपलब्ध आहे. १५३८ मध्ये ती बंद पाडण्यात आली. क्रेग राइट यांनी ‘द मेझ अँड द वॉरियर’ या २००१ मधील ग्रंथात या नृत्याचा संबंध अधोलोकातून विजयी होऊन परतणाऱ्या ख्रिस्ताशी जोडून दाखवला आहे, आणि ईस्टरचा दिवस व ते स्तोत्र पाहता हा अर्थ पटण्याजोगा आहे.

लॅबिरिंथवरील मध्ययुगीन आचरणाचे जे सविस्तर चित्र हाती येते ते असे आहे. त्यात एकांत नाही, मौन नाही, आत्मपरीक्षणही नाही. तेथे एक समूह आहे, गाणे आहे, हातातून हाती फिरणारा चेंडू आहे, आणि मृत्यू हरला याचा आनंद आहे.

५

मग जेरुसलेमची कथा कोठून आली? यात्रेला पर्याय म्हणून लॅबिरिंथ चालावा असे सांगणारा मध्ययुगीन ग्रंथ वा आज्ञापत्र अभ्यासकांच्या हाती आलेले नाही, की तसे केल्याने पापक्षमा मिळते असे म्हणणारी सनदही आढळलेली नाही. ‘जेरुसलेमची वाट’ हे नाव अठराव्या शतकापर्यंत काही ठिकाणी रूढ झालेले दिसते. एकोणिसाव्या शतकातील पुरातत्त्वप्रेमी लेखकांनी त्या नावावरून प्रथेची कल्पना केली आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याने उचलले. डब्ल्यू. एच. मॅथ्यूज यांनी १९२२ मधील आपल्या ग्रंथातच या उपपत्तीमागील पुराव्याच्या अभावाकडे लक्ष वेधले होते. उलट, शार्त्रच्याच सूशे या सतराव्या शतकातील धर्माधिकाऱ्याने ही आकृती म्हणजे रिकामटेकड्यांनी गोल गोल धावण्यात वेळ दवडण्याचे एक खुळचट साधन आहे, अशा आशयाची नोंद केली आहे. ज्या वाटेवर भाविकांचे गुडघे झिजल्याची स्मृती ताजी असेल, तिच्याविषयी तेथीलच अधिकारी असे लिहील, हे संभवनीय वाटत नाही.

सूशेच्या तुच्छतेचा परिणाम पुढच्या शतकात दिसला. लॅबिरिंथचा अर्थ विसरला गेला होता. उरली होती ती मुलांची धावपळ. रँसचा लॅबिरिंथ अठराव्या शतकाच्या अखेरीस काढून टाकण्यात आला, कारण उपासनेच्या वेळी त्यावर खेळणाऱ्या मुलांच्या गोंगाटाने व्यत्यय येई. ऑक्सेरचा १६९० मध्ये गेला होता, साँसचा १७६० च्या दशकात गेला. आमियाँचा एकोणिसाव्या शतकात उखडला गेला आणि त्याच शतकाच्या अखेरीस पुन्हा बसवला गेला. शार्त्रची आकृती मात्र वाचली. तथापि तिच्या मध्याला क्रांतीचा स्पर्श झाला. सहा पाकळ्यांच्या त्या फुलात एक धातूचा पत्रा जडवलेला होता, आणि शार्ल शालीन या सतराव्या शतकातील स्थानिक इतिहासकाराच्या साक्षीप्रमाणे त्यावर थीसिअस आणि मिनोटॉर यांच्या आकृती होत्या. १७९२ मध्ये तोफा ओतण्यासाठी धातू हवा होता. पत्रा उचकटला गेला. तो ज्यांनी जखडला होता त्या खिळ्यांचे अवशेष दगडात अद्यापि दिसतात.

६

यानंतर शार्त्रच्या लॅबिरिंथचे दुसरे आयुष्य सुरू झाले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेही अटलांटिकपलीकडून. सॅन फ्रान्सिस्कोमधील ग्रेस कॅथीड्रल या एपिस्कोपल चर्चमधील धर्माधिकारी लॉरेन आर्ट्रेस या १९९१ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह शार्त्रला गेल्या, त्यांनी खुर्च्या बाजूला सारल्या, आणि त्या वाटेवरून चालल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनव्हासवर रंगवलेली प्रतिकृती ग्रेस कॅथीड्रलमध्ये अंथरली गेली आणि ती चालण्यासाठी लोकांची रीघ लागली. १९९५ मध्ये आर्ट्रेस यांचे ‘वॉकिंग अ सेक्रेड पाथ’ हे पुस्तक आले, आणि ग्रेसच्या आवारात कायमस्वरूपी लॅबिरिंथही झाला. अल्पावधीत ही रीत पंथांच्या सीमा ओलांडून गेली.

आर्ट्रेस यांनी या चालण्याची मांडणी ख्रिस्ती साधनेतील तीन जुन्या अवस्थांच्या आधारे केली : शोधन, प्रकाश आणि ऐक्य. आत जाताना मनावरचे ओझे टाकावे, मध्यात जे मिळेल ते स्वीकारावे, आणि परतताना ते घेऊन जगात यावे. हा साचा लॅबिरिंथचा नाही. तो योगिजनांच्या ग्रंथांतून घेऊन लॅबिरिंथवर बसवला आहे. परंतु तो बसतो, हे नाकारता येत नाही. जो वाटेवर आहे त्याला वाटेचा नकाशा दिसत नाही. ध्येय जवळ आल्याचा भास आणि दूर गेल्याचा भास दोन्ही फसवे ठरतात. आणि पाऊल टाकत राहणे एवढेच हाती उरते. प्रार्थनेत मन एकाग्र होत नाही असे म्हणणाऱ्या अनेकांना पायांनी जे साधले ते बैठकीने साधले नव्हते. शोकग्रस्त, रुग्ण, निर्णयाच्या उंबरठ्यावर अडखळलेली माणसे या वाटेवर येतात, आणि आपल्याला तेथे काही मिळाले असे सांगतात. हा अनुभव खोटा ठरवण्याचा अधिकार इतिहासाला नाही.

या रीतीला ख्रिस्ती समाजातूनच विरोधही झाला. बायबलात तिला आधार नाही, मूर्तिपूजकांचे चिन्ह मंदिरात कशाला, आणि ज्या प्रार्थनेत कोणाची प्रार्थना करायची हेच सांगावे लागत नाही ती ख्रिस्ती कशी, असे आक्षेप घेतले गेले. त्यांपैकी पहिले दोन ओर्लेआँव्हील व लुक्का यांच्यापुढे टिकत नाहीत, कारण चर्चने हे चिन्ह सोळा शतकांपूर्वीच आपलेसे केले होते. तिसरा आक्षेप मात्र मर्माला भिडणारा आहे.

७

लॅबिरिंथच्या पुरस्कर्त्यांनी जेरुसलेमची कथा पुढे केली, कारण नव्या रीतीला प्राचीनतेचे वस्त्र हवे असते. यात कपट असतेच असे नाही. भक्तीला आपण प्रथमच या वाटेने चाललो असे मानणे जड जाते. परंतु या कथेने एक हानी केली आहे. ती खोटी असू शकते ही हानी गौण. जे खरे होते त्याची जागा तिने अडवली, ही मुख्य होय. मध्ययुगातील मूक, एकाकी, पश्चात्तापदग्ध यात्रेकरूचे जे चित्र तिने उभे केले, तो वस्तुतः आजचाच माणूस आहे. केवळ त्याला झगा चढवला आहे. त्याच्याआड ऑक्सेरचा तो डीन, तो चेंडू आणि ते हसरे वर्तुळ दिसेनासे झाले. आजच्या चालणाऱ्याला मध्य म्हणजे शांतीचे स्थान आहे असे सांगितले जाते. ज्यांनी ही फरशी घातली त्यांच्या लेखी मध्य म्हणजे राक्षसाचे घर होते, आणि तेथे जाण्याचे धैर्य एकट्यानेच दाखवले होते. इतरांनी त्याच्या विजयाभोवती नाचायचे होते.

प्रदक्षिणेशी तुलना केली म्हणजे हा भेद अधिक उघड होतो. प्रदक्षिणेत मध्य देवतेने भरलेला असतो. भक्त त्याच्याभोवती फिरतो, पण त्या जागी स्वतः उभा राहत नाही. शार्त्रमध्ये पत्रा होता तोवर मध्य भरलेलाच होता. तो निघाल्यावर तेथे कोणीही उभे राहू शकते, आणि आज प्रत्येक जण उभा राहतो. म्हणजे आजची प्रार्थना शक्य झाली ती त्या रिकामेपणामुळेच. क्रांतीच्या सैनिकांसाठी ज्यांनी तो धातू नेला, त्यांनी नकळत दोनशे वर्षांनंतरच्या एका उपासनेसाठी जागा मोकळी केली.

हा लाभ खरा आहे आणि हानीही खरी आहे. प्रत्येक चालणाऱ्याने आपला अर्थ आपण घेऊन यावा, ही मुभा मध्ययुगाने कोणाला दिली नसती. आणि राक्षस आहे, तो बाहेर नसून वाटेच्या अखेरीस आहे, ही जाणीव आजच्या वाटेवर कोणी देत नाही. परंपरेचे वय आणि तिची सत्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीस-पस्तीस वर्षांची रीत मनापासून आचरली तर ती प्रार्थनाच असते; तिने आठशे वर्षांचे आयुष्य उसने घेण्याचे कारण नाही. परंतु जी फरशी खरोखर आठशे वर्षांची आहे, तिच्यावर उभे राहताना, येथे पूर्वी काय होते हे जाणून घेणे हा त्या प्रार्थनेचाच भाग मानला पाहिजे. शार्त्रच्या मध्यात खिळ्यांच्या त्या खुणा अजून आहेत. शुक्रवारी जो तेथे पोहोचतो त्याने मान खाली घातली, तर त्या त्याला पायांशीच दिसतील.